पारवे बावीस, कावळे सात, चिमणी दिसली नाही

फेब्रुवारीतली सकाळ, सव्वासात वाजलेत. सोसायटीच्या गच्चीवर मी मोबाइल हातात घेऊन उभा. पंधरा मिनिटं जे दिसेल, ऐकू येईल ते नोंदवायचं असा नेम. पारवे २२. कावळे ७. साळुंक्या ४. घार १. लालबुड्या बुलबुल २. खालच्या जास्वंदीत शिंपी पक्षी ओरडत होता. दिसला नाही, पण आवाज त्याचाच, म्हणून १. तेवढ्यात टाकीचा व्हॉल्व्ह बघायला प्लंबर वर आला. काय चाललंय विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "पारवे मोजताय? मोजायचे कशाला, न्या की सगळे घरी!"

त्याचं म्हणणं मला पटण्यासारखं होतं. आमच्या सोसायटीत पारव्यांच्या नावाने दर मीटिंगला बोंब असते. पण त्या दिवशीच्या यादीत एखादा दुर्मीळ ससाणा असता, तरी शास्त्रज्ञाच्या दृष्टीने यादीची किंमत फारशी वाढली नसती. किंमत होती त्या पारव्यांना, कावळ्यांना, आणि यादी पाठवताना शेवटी येणाऱ्या एका प्रश्नाला. ई-बर्ड नावाच्या ज्या ॲपवर जगभरचे पक्षीनिरीक्षक नोंदी करतात, ते शेवटी साधारण असं विचारतं: ओळखता आले तेवढे सगळे पक्षी तुम्ही लिहिलेत ना? मी 'हो' म्हटलं. त्या दिवशी गच्चीवरून चिमणी दिसली नव्हती. ती यादीत नाही. पण मी 'हो' म्हटल्यामुळे ते 'नसणं' हीसुद्धा एक नोंद झाली.

दिसलेला पक्षी लिहून ठेवायला सगळे तयार असतात, नवा किंवा देखणा असला तर फोटोसकट. न दिसलेला पक्षी कोण लिहिणार? आणि पक्षी वाढताहेत की घटताहेत हे कळायला 'दिसला' आणि 'दिसला नाही' दोन्ही लागतात. मी 'नाही' म्हटलं असतं, म्हणजे आवडीचे तेवढेच लिहिले असते, तर चिमणी खरंच नव्हती की मी लिहायचा कंटाळा केला, हे कुणालाच कळलं नसतं.

भारतात चिमण्या किती, या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेही नाही, आणि ते शोधण्याच्या फंदात फारसं कुणी पडत नाही. चिमणी काही जनगणनेच्या दिवशी घरी थांबत नाही. त्यामुळे शास्त्रज्ञ वेगळं विचारतात. समजा एखाद्या भागातून १०० पूर्ण, म्हणजे शेवटी 'हो' म्हटलेल्या, याद्या आल्या आणि त्यातल्या ४० मध्ये चिमणी आहे. वीस वर्षांनी त्याच भागातल्या १०० याद्यांपैकी २० मध्येच ती सापडली, तर एकूण चिमण्या किती हे माहीत नसतानाही त्या कमी झाल्या असं म्हणता येतं.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. पण भात करणाऱ्याला विचारा: शित नेहमी पातेल्याच्या वरूनच उचललंत तर तळाशी करपलेलं कळत नाही. पक्ष्यांच्या याद्यांचं नेमकं हेच दुखणं आहे. आपण याद्या करतो त्या रविवारी, घराजवळ, तळ्याकाठी, जिथे गाडी जाते आणि चहा मिळतो तिथे. पुण्याच्या टेकड्यांवरून याद्यांचे ढीग येतात, आडरानातल्या माळावरून वर्षाकाठी एखादीच. शिवाय माणसागणिक कान-डोळे वेगळे. मी तासाभरात वीस पक्षी ओळखतो, माझी मैत्रीण त्याच वाटेवर पस्तीस. २००० सालापूर्वीच्या याद्या मूठभर, आजच्या लाखोंनी.

यातून वाट काढायची तर आधी नकाशावर चौकटी आखतात आणि प्रत्येक चौकटीचं माप वेगळं काढतात. असं केलं की हजार याद्यांच्या पुण्याने पाच याद्यांच्या तालुक्याला गिळून टाकायचं टळतं. मग यादीची लांबी बघतात. पंधरा मिनिटांत सहा पक्षी लिहिणाऱ्याला चिमणी दिसण्याची शक्यता आणि साठ पक्षी लिहिणाऱ्याला ती दिसण्याची शक्यता सारखी नसते, ती तफावत गणितात सामावून घेतात. चार मित्र एकत्र फिरले आणि चौघांनी तीच यादी टाकली, तर ती एकदाच धरतात. एखाद्या जिल्ह्यात, एखाद्या महिन्यात अपेक्षित नसलेला पक्षी किंवा भलताच मोठा आकडा कुणी टाकला, तर ॲप तिथल्या तिथे तपशील मागतं आणि पुढे जाणकार स्वयंसेवक ती नोंद तपासतात. मीही एकदा उत्साहाच्या भरात उन्हाळ्यात एक हिवाळी पाहुणा टाकला होता. दोन दिवसांत अतिशय सभ्य भाषेत विचारणा आली. फोटो नीट पाहिला तेव्हा तो इथलाच नेहमीचा निघाला.

केरळने तर यावर कष्टाचा उपाय केला. तुम्हाला आवडेल तिथे जाऊ नका, आम्ही सांगू तिथे जा. राज्यभरातून साधारण एक किलोमीटर बाजूचे चौकोन चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले आणि २०१५ ते २०२० अशी पाच वर्षं हजारावर स्वयंसेवक त्या चौकोनांत दोन्ही हंगामांत गेले, एकदा कोरड्या दिवसांत, एकदा पावसाळ्यात. प्रत्येक चौकोनात पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार याद्या. चौकोन रबराच्या मळ्यात पडला तर मळ्यात, बाजारपेठेत पडला तर मासळी बाजारात. यातून सुमारे २५,००० याद्या आणि ३ लाखांच्या आसपास नोंदी जमल्या. पक्षीनिरीक्षणातला सगळा रोमान्स काढून टाकल्यावर उरतं ते हे काम. माझ्या मते आपल्याकडे सामान्य माणसांनी मिळून केलेल्या विज्ञानातलं हे सर्वांत शिस्तीचं काम आहे.

नेहमीचा पक्षी मोजला नाही की काय होतं, याचा धडा आपण गिधाडांकडून शिकलो, आणि फी जबर पडली.

पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड १९८० च्या दशकात जगातला बहुधा सर्वांत जास्त संख्येचा मोठा शिकारी पक्षी मानला जाई. गावाबाहेर ढोर टाकलं की अर्ध्या तासात आभाळ भरून यायचं. ज्यांचं लहानपण त्या काळातलं आहे त्यांना विचारा, चांभारवाड्याच्या पलीकडच्या झाडावर किती बसायची ते हाताने दाखवतील. हाताने दाखवतील, कारण आकडा कुणाकडे नाही. कावळ्यासारखा पक्षी, तो कोण मोजणार?

सुदैवाने राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करताना गिधाडांचीही मोजदाद करून ठेवली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी तिथेच पुन्हा मोजलं. ९५ टक्क्यांहून जास्त घट. मग देशभर तपासायचं ठरलं तेव्हा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गाडीतून रस्त्यारस्त्याने केलेली शिकारी पक्ष्यांची मोजणी कामाला आली. तेच रस्ते, तीच पद्धत पुन्हा. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांत ९९.९ टक्के घट निघाली. हजारातलं एक उरलं.

कारण २००४ मध्ये उघड झालं. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी केली तेव्हा त्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली आणि अवयवांवर यूरिक ॲसिडचा पांढरा थर आढळला. जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक त्याच्या मुळाशी होतं. हे औषध दिलेलं ढोर लवकर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडंही मरत. गणित मांडल्यावर तर असं दिसलं की शंभर मेलेल्या जनावरांत एकापेक्षाही कमी जनावर विषारी असलं तरी एवढी पडझड होऊ शकते, कारण एका ढोरावर गिधाडं थव्याने बसतात. २००६ मध्ये भारताने या औषधाच्या जनावरांसाठीच्या उत्पादनावर बंदी आणली. मुंबईत मलबार हिलच्या दोखम्यात मृतदेह गिधाडांच्या हवाली करण्याची पारशी समाजाची शतकांची प्रथा अडचणीत आली तीही याच काळात.

या सगळ्या शोधाच्या मुळाशी काय होतं? दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी कंटाळा न करता लिहून ठेवलेले नेहमीच्या पक्ष्याचे आकडे. ते नसते तर "पूर्वी खूप असायची हो" एवढंच म्हणता आलं असतं, आणि तसं म्हणणाऱ्यांवर सरकार औषधं बंद करत नाही.

आता चिमणीकडे येऊ. 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' म्हणत जेवलेल्या आपल्या पिढ्यांना चिमणी गेल्याचं दुःख खरंखुरं आहे. २० मार्चला जो जागतिक चिमणी दिवस पाळतात, तो सुरू करणारे मोहम्मद दिलावरही नाशिकचेच. दर वर्षी त्या दिवशी मोबाइल टॉवरमुळे चिमण्या संपल्या असा मेसेज फिरतो, आणि तो पुढे ढकलणाऱ्यांत पक्ष्यांवर प्रेम करणारी माणसंच जास्त असतात.

२०२० मध्ये देशातल्या दहा संस्थांनी मिळून 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' हा पहिला अहवाल काढला. १५,००० हून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीवर नोंदींचा तो ताळेबंद होता. त्यात चिमणी देशपातळीवर गेल्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर निघाली. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता या सहा महानगरांत मात्र ती कमी होत गेलेली दिसली. मोबाइल टॉवरवर ठपका ठेवण्याजोगा पुरावा सापडला नाही. शहरात पिल्लांना भरवायला लागणारे किडे आणि घरट्याला लागणारी फट, दोन्ही आटल्याची शक्यता जास्त धरली जाते. वळचण, कौलं, फोटोच्या फ्रेमची मागची बाजू असलेली घरं गेली. काचेच्या इमारतीत चिमणीने कुठे शिरायचं?

तरी या निष्कर्षाला दोन कंगोरे आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं लबाडी होईल. एक, तुलना ज्या जुन्या याद्यांशी केली त्या २००० पूर्वीच्या असल्या तरी फार मागे जात नाहीत. चिमण्यांची मोठी घसरण त्याच्याही आधी होऊन गेली असेल, तर ती या आकड्यांत दिसणारच नाही. दोन, 'किती याद्यांत दिसली' हे माप नेहमीच्या पक्ष्यांच्या बाबतीत थोडं आंधळं असतं. पन्नास चिमण्यांच्या थव्याच्या पाच झाल्या, तरी यादीत चिमणी आहेच. थवा पार संपेल तेव्हाच माप हलतं. म्हणून नुसतं नाव लिहून भागत नाही, आकडाही टाकावा लागतो. अंदाजे का असेना.

२०२३ च्या दुसऱ्या अहवालात संस्था तेरा झाल्या, पक्षीनिरीक्षक ३०,००० वर गेले, नोंदी ३ कोटींपलीकडे. ९४२ जातींचा विचार झाला, पण दीर्घकाळचा कल सांगण्याइतकी सामग्री फक्त ३३८ जातींची निघाली. त्यातल्या २०४ घटलेल्या, ९८ स्थिर, ३६ वाढलेल्या. वाढलेल्यांत मोर आणि कोकीळ. मोर तर अशा मुलखातही दिसू लागलाय जिथे पूर्वी तो फक्त चित्रात असे, आणि शेतकरी त्याच्यावर वैतागलेत ते वेगळंच. घटलेल्यांत शिकारी पक्षी, बदकं आणि माळरानं-शेतांवर राहणारे पक्षी जास्त. दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात तो नीलपंख, तारेवर बसलेला हमखास दिसणारा पक्षी, इतका घसरलाय की त्याचा धोक्याचा दर्जा जागतिक पातळीवर पुन्हा तपासावा अशी शिफारस अहवालाने केली. हाही नेहमीचाच पक्षी बरं का.

माळढोकासारख्या अतिदुर्मीळ पक्ष्यासाठी या याद्या कुचकामी आहेत. त्याची वेगळी, खास मोजणी करावी लागते. पाणपक्ष्यांचंही तसंच: १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर एकाच सुमारास पाणथळ जागांवर गणना होते, आपल्याकडे नांदूर मध्यमेश्वरसारख्या ठिकाणी जाणारे त्यात असतात. पण हा या लेखाचा विषय नव्हे.

याद्यांना एक गोष्ट कधीच कळत नाही: आज दिसलेली साळुंकी कालचीच की दुसरी? त्यासाठी पक्ष्याला ओळखपत्र द्यावं लागतं. १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली, तिथून हे तंत्र रुजलं. भारतात त्याला मोठं बळ मिळालं ते एका रोगामुळे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि माणसं तापाने फणफणली. विषाणू रशियातल्या एका गोचीडजन्य विषाणूशी मिळताजुळता निघाला. उत्तरेकडून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडींबरोबर हा रोग आणतात का, असा संशय आला. हे तपासायचं तर कुठला पक्षी कुठून येतो ते आधी कळायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसने सलीम अली यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला. पक्ष्यांवरचा संशय काही सिद्ध झाला नाही. पण कडीवरचा क्रमांक आणि 'बॉम्बे'चा पत्ता वाचून दूरदेशींची पत्रं येऊ लागली आणि आपले हिवाळी पाहुणे उन्हाळ्यात कुठे असतात याचा नकाशा भरत गेला. आता कडीच्या जोडीला जीपीएस आलंय. २०२२ मध्ये बीएनएचएसने टॅग लावलेल्या रोहित पक्ष्यांनी (फ्लेमिंगोंनी) ठाणे खाडी ते भावनगर हा प्रवास आपल्या डोळ्यांदेखत, म्हणजे स्क्रीनदेखत, करून दाखवला.

कडी घालून एकाच जागी ठाण मांडण्याचा कळस इंग्लंडमध्ये आहे. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात डेव्हिड लॅक यांनी १९४७ मध्ये ग्रेट टिट या मूठभर पक्ष्याचा अभ्यास सुरू केला, आणि तो आजही चालू आहे. आपल्या सह्याद्रीत या पक्ष्याचा राखी रंगाचा चुलतभाऊ दिसतो. तिकडे हा पक्षी म्हणजे आपली साळुंकीच, परसात दाणे खायला येणारा. वनात हजारावर लाकडी पेट्या टांगल्या आहेत. हे पक्षी आनंदाने त्यांत घरटी करतात. दर वसंतात विद्यार्थी पेटीपेटीचं झाकण उघडून बघतात: पहिलं अंडं कधी, एकूण किती, पिल्लं किती जगली. पिल्लं दोनेक आठवड्यांची झाली की प्रत्येकाच्या पायात कडी. त्यामुळे अमुक मादीची आजी कोणत्या पेटीत जन्मली हे सांगता येतं. आपल्यापैकी किती जणांना पणजीचं माहेर सांगता येईल?

या कंटाळवाण्या झाकण-उघडीतून कळलं ते असं. वसंत लवकर येऊ लागल्याने झाडांवरच्या अळ्याही लवकर होऊ लागल्या, आणि पिल्लांना नेमक्या त्याच लागतात. वायथमच्या माद्यांनी १९६० च्या दशकापासून अंडी घालण्याची तारीख साधारण दोन आठवडे अलीकडे आणली आणि अळ्यांशी मेळ राखला. नेदरलँड्‌समधल्या होगे वेलुवे या वनात याच जातीचा असाच जुना अभ्यास चालतो. तिथे अळ्या पुढे सरकल्या, पण पक्ष्यांनी तेवढी घाई केली नाही आणि पिल्लांच्या वेळी ताट रिकामं होऊ लागलं. एकच जात आणि दोन जंगलांची दोन उत्तरं. यापैकी एकाच जंगलाचा अभ्यास झाला असता, तर आपण छातीठोकपणे चुकीचं बोललो असतो.

म्हणून अशा जुन्या अभ्यासांच्या वह्या एकत्र आणायला 'एसपीआय-बर्ड्‌स' नावाचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलंय. ऐकायला सोपं वाटतं. पण कुणी अंड्याची तारीख १ एप्रिलपासून मोजतं, कुणी १ मार्चपासून. एकाने ५ लिहिलं आणि दुसऱ्यानेही ५ लिहिलं, तर मध्ये महिन्याचं अंतर. एकाची वही दुसऱ्याच्या भाषेत आणणं हे तिथलं निम्मं काम.

हे वाचून मी माळ्यावरची माझी १९९६ सालची वही काढली. कॉलेजातले दिवस, गळ्यात उसनी दुर्बीण. जुन्या याद्याही ॲपवर चढवता येतात, आणि २००० पूर्वीच्या याद्यांचा दुष्काळ आहे हे वर आलंच. म्हटलं, आपल्याकडे तर खजिना आहे. तारीख आहे, जागा आहे, वेळही बऱ्याच पानांवर आहे. स्वर्गीय नर्तक पहिल्यांदा दिसला त्या दिवसाची अडीच पानं आहेत, शेपटीच्या चित्रासकट. ससाणे आहेत, धनेश आहेत, एका घुबडावर तर कविता आहे, ती मी इथे देत नाही.

चिमणी एकाही पानावर नाही. आमच्या जुन्या घरात तेव्हा आजोबांच्या फोटोमागे त्यांचं घरटं होतं, आई रोज काड्या झाडायची. कावळाही नाही. पारवाही नाही. दोन रविवार बसून मी सगळी वही ॲपवर चढवली, आणि प्रत्येक यादीच्या शेवटी तोच प्रश्न आला: ओळखता आले तेवढे सगळे पक्षी लिहिलेत ना?

एकेचाळीस याद्यांना मी 'नाही' असं उत्तर दिलं.